गिटारीची कड

यजमान गेल्यावर घरातल्या वस्तूंना सल्ले मिळू लागले. विहिरीवरचा पंप बदला, कौलं उतरवून पत्रे घाला, कलमांच्या बागेला तारेचं कुंपण करा. मला मात्र कुणी सल्ला दिला नाही. शाळेच्या ग्रंथालयात जन्म काढलेल्या बाईत सुधारण्यासारखं काही नसतं, यावर नातेवाइकांचं एकमत असावं.

सर्वांत जास्त सल्ले यजमानांच्या इलेक्ट्रिक गिटारीला मिळाले. देवगडपासून तळेऱ्यापर्यंत लग्नांत, हळदींत आणि गणपतीच्या मंडपांत त्यांचा ऑर्केस्ट्रा वाजायचा. गिटारीची घडण फार जुनी. एका बाजूला खाच दिलेला सपाट पाट, त्याच्या सरळ कडा, आणि तारांचा आवाज पकडणारे दोन पिकअप. ट्यूबलाइट लावली की त्या पिकअपांतून बारीक गुणगुण सुरू व्हायची. वाजवताना त्यांचा उजवा हात जिथे टेकायचा, तिथला रंग घासून पार गेला होता. चार बोटं मावतील एवढं लाकूड उघडं पडलं होतं. केर काढताना मी तिथे बोटं टेकवी आणि पुन्हा केर काढू लागे.

ऑर्केस्ट्रात आता माझा धाकटा दीर वाजवणार होता. मोबाइलवर व्हिडिओ बघून तो त्या विषयातला पंडित झाला होता.

"वयनी, ह्या डिझाइन आजोबाच्या काळातला," तो म्हणाला. "आता गिटारी माणसाच्या आंगाक बसतीत अशे करतत. हाताकडे उतार, पोटाकडे उतार."

"पोट तुझा वाढला. लाकूड कित्याक तासतंस?"

मी एरवी कमी बोलते, म्हणून त्याला हे ऐकू आलं नसावं. त्यानं मला फोटो दाखवले. एका गिटारीला डोकंच नव्हतं. तारा पिळायच्या खुंट्या खाली शेपटीकडे नेल्या होत्या. "डोका कित्याक व्हया? फुकटचा वजन," तो म्हणाला. आमच्या घराण्यात हे मत नवीन नव्हतं, फक्त इतक्या उघडपणे कुणी मांडलं नव्हतं. दुसऱ्या फोटोत रंग उडालेली, ठिकठिकाणी खरवडलेली गिटार होती. ती कोरी करकरीत होती म्हणे. कारखान्यातच घासून जुनी करतात आणि नव्यापेक्षा महाग विकतात.

"मग आपली तशीच असा मां?" मी विचारलं.

"आपली खरीच जुनी असा," तो कीव करत म्हणाला.

त्याच्या बेतात आवाज न करणारे पिकअप होते, बोटांखाली चकचकीत पोलादी पट्ट्या होत्या, आणि हात टेकण्याच्या जागी एक मोठा उतार होता. तो उतार नेमका त्या उघड्या लाकडातून जाणार होता. "तुका चलात मां?" असं त्यानं मला विचारलं, आणि उत्तर येण्याआधीच म्हापशाच्या कारागिराला फोन लावला.

रविवारी कारागीर मशीन घेऊन आला. आमच्याकडे विहीर खणायची असो की माड तोडायचा असो, हत्यार लावण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. गिटारीनं काय पाप केलं होतं? पाटावर तांदूळ, वर नारळ, शेजारी आडवी गिटार. गाऱ्हाण्याचा मान चुलत सासऱ्यांचा. दीर घरापुढच्या खळ्यात मशीनसाठी वायर ओढत होता, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"हिका कापतत? तुझा काय म्हणणा गो?"

वर्षभरात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "तशीच रवांदे," एवढंच म्हणाले.

सगळे हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरातलो कर्तो झील गेलो. त्येच्या बायलेक बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्या हाताखालची ही जी काय वस्तू असा, ती जशी असा तशीच रवांदे. तिका कोणाचा हत्यार लागा नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सर्वांत मोठा आवाज दिराचा होता. लहानपणापासून 'म्हाराजा' ऐकलं की 'व्हय' म्हणायचं, मधलं ऐकायचं नाही, ही आमची रीत. नारळ फुटला तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"काका, ह्या काय बोललात?"

"मी बोललंय. व्हय कोणी म्हटला?"

"ता सवयीन इला तोंडात!"

"देवाक तुझी सवय काय ठावक? तेणां आयकला ता आयकला."

कारागिरानं तोवर मशीन पेटीत घातलं होतं. "म्हाका नाका रे बाबा," म्हणत, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून तो गेला.

पुढच्या हळदीत दिरानं ती गिटार होती तशी वाजवली. दुसऱ्या दिवशी हातावरचा लाल वळ दाखवायला आला.

"वयनी, कड टोचता. दादाक टोचा नाय?"

"टोचा. ते पूर्ण बाह्यांचो शर्ट घालीत."

मी त्यांचं कपाट उघडलं. ते गेल्यापासून उघडलं नव्हतं. एक शर्ट काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला.

"वयनी, हेची कॉलर जुन्या फॅशनची असा. बदलून घेवया?"

मी शर्ट काढून घेतला आणि त्याच्या हातात खोबरेल दिलं.