डाव्या विंगेतला आवाज

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि सत्कार समारंभांवर त्याहून कमी. तरीही गेल्या हिवाळ्यात यवतमाळच्या एका सभागृहात, दुपारी साडेचारला, भर उजेडात जे घडलं ते इथे लिहितोय... कारण घरी सांगायची लाज वाटते.

मी तीस वर्षं हौशी रंगभूमीवर काढली. दिवसा सरकारी कचेरी, संध्याकाळी तालीम. माझी ख्याती दोन गोष्टींची — शुद्ध बोलणं आणि पाठांतर. पहिली खरी. आमच्याकडे तीन पिढ्या कारकुनी. घरात वऱ्हाडी शब्द निघाला की वडील डोळे वटारायचे. दुसरी मात्र थावरूभाऊंची.

थावरू जाधव आमचे प्रॉम्प्टर. मुकुटबनजवळच्या बंजारा तांड्यावरचे. घरी गोरबोली, बाहेर वऱ्हाडी, आणि नाटकाची वही उघडली की एकेक शब्द घासूनपुसून लख्ख. डाव्या विंगेत स्टुलावर बसायचे. मी वाक्याचे पहिले दोन शब्द पाठ करायचो, बाकीचे ते पुरवायचे — पहिल्या रांगेलाही कळणार नाही इतक्या हलक्या आवाजात. सवय अशी जडली की कानात पडलं ते थेट तोंडातून बाहेर. एकदा त्यांनी विंगेत कुणाला तरी म्हटलं, "चपला काढून ये बे," आणि मी भर दरबारात महाराणीला तेच सुनावलं. हशा एवढा झाला की दिग्दर्शकाने पुढच्या प्रयोगात ते वाक्य कायम केलं.

मग एका स्पर्धेत, तिसऱ्या अंकात, मी दोन पानं खाल्ली. गाळलेल्या वाक्याला आम्ही 'खाल्लं' म्हणतो. नाटकातलं पत्र हातात यायच्या आधीच मी ते वाचून रडायला लागलो. थावरूभाऊ मागचं वाक्य देत राहिले, देत राहिले, शेवटी परीक्षकांनाही ऐकू गेलं. दिग्दर्शकाने जाब विचारला तेव्हा मी म्हणालो, प्रॉम्प्टरने दोन पानं एकदम उलटली. थावरूभाऊ तिथेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वही पिशवीत घातली.

त्यानंतर त्यांना कुठल्याच संस्थेने बोलावलं नाही. अशी बातमी यवतमाळात चहा यायच्या आधी पोचते. ते शेतीकडे परत गेले. दोन वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर झाला, ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढलं. हे मला कळलं होतं. भेटायला गेलो नाही.

तर सत्कार. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रात 'विलक्षण स्मरणशक्ती' तीनदा. अध्यक्षांनी समोर कागद धरूनही त्यातल्या दोन ओळी चुकवल्या. मी उत्तराला उभा राहिलो, "मित्रहो" म्हणालो आणि पुढचं आठवेना. तेवढ्यात डावीकडून आवाज आला. हलका, ओळखीचा, शेवटचं अक्षर किंचित दाबणारा.

"त्या स्पर्धेत चूक माही होती."

मी माइकवर तेच म्हणालो. 'माही'सकट.

सभागृहात टाळ्या. लोक उभे राहिले. थोर कलावंताची विनम्रता, तीही मातीच्या बोलीत! टाळ्या चालू असतानाच पुढचं वाक्य आलं — "पानं थावरूनं नाही उलटली." स्पष्ट ऐकलं मी. आणि आयुष्यात पहिल्यांदा, कानात पडलेलं तोंडाबाहेर जाऊ दिलं नाही. नमस्कार केला आणि खाली बसलो.

नंतर विंगेत जाऊन पाहिलं. दोन पुष्पगुच्छ आणि एक मोडकी खुर्ची. साउंडवाला सगळा वेळ तिथेच होता. म्हणाला, कोणी आलं नाही, काही ऐकलं नाही. व्हिडिओ मागवून पाहिला, त्यात फक्त माझा आवाज. अपराधी मनाचे खेळ, दुसरं काय — दुसऱ्या कुणाबाबतीत घडलं असतं तर मीच असं म्हणालो असतो.

मुकुटबनला गेलो. थावरूभाऊ अंगणात बाजेवर बसले होते, गळ्याभोवती रुमाल. वहिनींनी पाणी आणून दिलं.

"पेपरात वाचलं आमी," त्या म्हणाल्या. "आठ दिवस लागले तुमाले इथवर याले?"

पेपरात माझं पहिलं वाक्य छापलं होतं, 'ज्येष्ठ रंगकर्मीची भावपूर्ण कबुली' अशा मथळ्याखाली. तेवढंच. दुसऱ्या वाक्याबद्दल मी कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता, बायकोजवळसुद्धा नाही.

माफी कुठल्या शब्दांत मागावी याची मी जुळवाजुळव करत होतो. थावरूभाऊ आता पाटीवर लिहून बोलतात. त्यांनी पाटी मांडीवर घेतली, सावकाश लिहिलं आणि माझ्याकडे वळवली.

"पुढचं बी देलतं. कायले खाल्लं?"

त्यांनी ते कसं दिलं, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तर्क सगळे करून झाले, एकही टिकत नाही. कायले खाल्लं, याचं उत्तर मात्र मला ठाऊक होतं. ते द्यायला मी तोंड उघडलं... आणि सवयीने थांबलो, कुणी तरी पुढचे शब्द द्यावेत म्हणून.

थावरूभाऊ माझ्याकडे बघत बसले. त्यांनी काही दिलं नाही.