माझा शुक्रवार, देवीचा शनिवार

देवीने त्या दिवशी मला मदत केली की माझी फजिती केली, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. गावात विचारलं तर प्रत्येकजण छातीठोकपणे सांगतो, आणि प्रत्येकजण वेगळंच सांगतो. मला मात्र आठवतो तो फक्त गोंधळ. अनुभव लिहिणारे लोक म्हणतात की अशा वेळी मनात एकदम उजेड पडला. माझ्या मनात तसं काही झालं नाही. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बावचळलेलाच होतो, आणि तरीही त्या दिवसाबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय दुसरं काही नाही, म्हणून हे लिहितो आहे.

कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती, त्या दिवसांतली गोष्ट. मी पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. यंत्र परदेशात पोचलं की मागोमाग मी पोचायचो, ते बसवून द्यायचो आणि परत यायचो. मुंबईत मांडवीला माझी दोन खोल्यांची जागा होती, पण तिचं कुलूप मी वर्षातून फार वेळा उघडलं नसेल. लग्न राहूनच गेलं होतं. या भटकंतीत फजितीही पुष्कळ झाली. एकदा माझी बॅग मी नसलेल्या खंडात जाऊन आली. एकदा आईने दिलेली कोकमाच्या आगळाची बाटली बॅगेत फुटली, आणि लाल झालेले शर्ट बघून विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मला बराच वेळ खुर्चीत बसवून ठेवलं. पण खोटं कशाला बोलू, चैनही होती. विमानात वाफाळता रुमाल चिमट्याने हातात द्यायचे तो मला फार आवडायचा. हॉटेलातल्या जॅमच्या चिमुकल्या बरण्या मी खिशात टाकून आणायचो. आणि न्हाणीघरात टब असेल तर त्या दिवशी मी स्वतःला राजा समजायचो.

आई गावी एकटी राहायची. आमचं गाव रत्नागिरीजवळ भाट्याच्या पुढे, चढावर. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी तिथे घरोघर फिरते आणि आमच्या घराला तिचा एक मान आहे. पालखी अंगणात टेकली की घरच्या पुरुषाने पहिला नारळ द्यायचा आणि पालखी उठताना पहिला खांदाही त्यानेच द्यायचा. बाबा होते तोवर प्रश्नच नव्हता. ते गेल्यावर दोन शिमगे मी परदेशात होतो आणि माझ्या वतीने चुलतभावाने, म्हणजे दादाने, सगळं केलं. पण गावाचा रिवाज असा की सलग तीन शिमगे घरचा पुरुष हजर नसला तर मान भावकीतल्या पुढच्या घराकडे, म्हणजे दादाकडे, जातो. दादाच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पण आईला ते लागलं होतं. गावच्या दुकानातल्या फोनवर तिने मला एवढंच सांगितलं, "शनवारी दुपारी पालखी आपल्याकडं येता. ह्या टायमाला ये हां बाबा. बापसानं जपलेला हाय." तिने माझ्याकडे कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी शुक्रवार रात्रीच्या गाडीचं मुंबई ते रत्नागिरी तिकीट काढून ठेवलं आणि अमेरिकेतलं काम आटपून निघालो.

विमानतळावर कळलं की युरोपवरून जाणारं माझं विमान गच्च भरलं आहे. काउंटरवरची मुलगी अजीजीने म्हणाली, पॅसिफिकवरून जाता का, वरच्या वर्गातली जागा देऊ. वाटेत पुढच्या विमानातही गर्दी होती, तिथल्या काउंटरवरच्या माणसाने विचारलं, उद्याचं विमान चालेल का, हॉटेल आमच्याकडून. मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. त्यात वाराची छोटी चौकट होती आणि तिच्यात बुधवार होता. एक दिवस हातात आहे असा हिशेब करून मी हो म्हटलं. त्या हॉटेलात टब होता, खिडकीतून बंदर दिसत होतं, आणि मी पाण्यात बसून जांभळाचं सरबत प्यायलो. आता घोटाळा असा, की युरोपवरून येताना घड्याळ पुढे करत यायची मला सवय. या वेळी उलट्या बाजूने येताना मी ते प्रत्येक मुक्कामाला इमानाने मागे करत आलो, आणि मधल्या समुद्रावर एक अख्खा वार ओलांडायचा असतो हे विसरूनच गेलो. जग फिरलेल्या माणसाने करायची चूक नव्हे. बोर्डिंग पासवर तारीख छापलेली असते, पण आपल्याला जे ठाऊकच आहे ते वाचतो कोण?

मुंबईला उजाडता उजाडता उतरलो. माझ्या घड्याळात शुक्रवार होता. रात्रीपर्यंत वेळच वेळ, म्हणून बाहेर येऊन चहा घेतला आणि बॅगेवर ऐसपैस बसलो. शेजारी दोरीने बांधलेल्या खोक्यांचा डोंगर आणि त्याला टेकून बुरखा मागे सारलेली एक वयस्क बाई बसली होती. तिचा भाचा सुमो आणायला गेला होता. आखातातून लेकीचं बाळंतपण करून ती परत आली होती. बोलण्याचा हेल ऐकूनच मी विचारलं, रत्नागिरी का? तर तिचं गाव आमच्या पलीकडच्या खाडीवर निघालं. मग मीही ऐटीत सांगितलं, आज रात्रीची गाडी आहे, उद्या शनिवारी घरी पालखी.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "शनवार उद्या कसा? शनवार आज हाय."

मी तिला घड्याळ दाखवलं. तिने ते नीट बघितलंसुद्धा.

"ता काय बी सांगंल," ती म्हणाली. "काल जुम्मा झाला. लेकीच्या घरी नमाज करून मंग मी इमानात बसले. मना नाय समजनार तर कोनाला?"

मी चहावाल्याला विचारलं, मग एका हवालदाराला विचारलं. दोघांनीही शनिवार सांगितला. खिशातलं तिकीट ज्या गाडीचं होतं ती रात्रीच निघून गेली होती. मी फोनच्या बूथकडे धावलो. दुकानात फोन लावला, तो नुसता वाजत राहिला, कारण पालखीच्या दिवशी दुकानात कोण बसणार? मी परत आलो तेव्हा भाचा खोकी टपावर चढवत होता. तो तिला खाला म्हणत होता, म्हणून मीही पुढे खालाच म्हणू लागलो. खाला म्हणाली, "भाऊ, माजी जाव येनार व्हती, तिचा येना ऱ्हायला. एक जागा खाली हाय. बस." कोण कुठला ते तिने विचारलं नाही. मी बसलो. तिची पालखी असल्यासारखं ती भाच्याला म्हणाली, "चल, हानीत चल. दुपारच्या आत पोचवायचा हाय."

देवी पावली, असं मला त्या क्षणी स्वच्छ वाटलं. रिकामी जागा काय, खाला काय, सगळं तिनेच जुळवून आणलं होतं. हा विश्वास पहिल्या घाटापर्यंत टिकला. कशेडीच्या चढावर गाडी तापली आणि आम्ही बॉनेट उघडून झाडाखाली बसलो. मग पुढे ट्रकांची रांग लागली. संगमेश्वरच्या अलीकडे पंक्चर झालं, स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नव्हती. भाचा टायर घेऊन एका ट्रकवर चढून गेला आणि खाला नि मी रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिलो. सूर्य डोक्यावरून कलला होता. आता माझ्या डोक्यात काहीच उभं राहीना. देवीला मी यावं असं वाटत असेल तर तिने टायर का फोडला? आणि नको असेल तर मग सकाळी ती जागा का दिली? आईचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता, दाराआड उभी, एक डोळा रस्त्यावर. मला रडू आलं. परक्या बाईसमोर, भर दुपारी, मी रडलो.

मग काही सुचेना म्हणून मी गाऱ्हाणं घालायला लागलो. आमच्याकडे देवीशी असं बोलतात, मोठ्याने आणि गावातल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसं. बाबा घालायचे त्यातले जेवढे शब्द आठवले तेवढे म्हटले. बाय देवी, तुझं लेकरू वाटेत अडकलंय, त्याला वेळेत पोचव. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

मी दचकून बघितलं. खाला डोक्यावरचा पदर सारखा करत होती. "गाऱ्हाना एकट्यानं घालायचा नसता," ती म्हणाली. "व्हय म्हनाया कोन तरी लागता. तुमची पालखी आमच्या मोहल्ल्यात पन येता. मी ल्हानपनापासनं ऐकलेला हाय. हां, म्हन पुढं."

मी पुढे म्हणालो, पण 'वेळेत पोचव' हे शब्द पुन्हा तोंडातून निघेनात. मी म्हणालो, बाय, मला आता कळेनासं झालंय, तुझ्या मनात असेल तसं कर, आईला तेवढं सांभाळ. खालाने त्यालाही होकार दिला. मला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. छातीतली धडधड मात्र थांबली. खालाने पिशवीतून खजूर काढून मला खायला दिले आणि एक पुडी वेगळी बांधून दिली, "ही तिच्या वटीत घाल, माज्याकडनं." भाचा टायर घेऊन आला तेव्हा आम्ही तिच्या नातवाच्या नावाबद्दल बोलत बसलो होतो.

गावात शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगणातल्या शेणसड्यावर गुलाल पडलेला होता आणि ढोल पलीकडच्या वाडीत वाजत होते. पालखी येऊन गेली होती. खाला गाडीतूनच माझ्याकडे बघत होती, मी हात जोडले आणि तिने मान हलवली. पायरीवर दादा बसला होता, पांढऱ्या सदऱ्यात. मला बघून तो हसला, आणि त्या हसण्याचा अर्थ मला लागेना.

झालं होतं ते असं. पालखी अंगणात टेकली, गावकऱ्यांनी वाट बघितली, आणि मग देवीच्या मुख्य मानकऱ्याने, म्हणजे गावकराने, गाऱ्हाणं घालायला घेतलं की या घरचा पुरुष तिसऱ्या शिमग्याला हजर नाही. दादाला पुढे बोलावलं. तेवढ्यात दाराआडून आई म्हणाली, "घर हजर हाय. मी हाय." बाबा गेल्यापासून ती ओटी भरायलासुद्धा पुढे होत नसे, शेजारणीच्या हाती पाठवून द्यायची. ती अंगणात आली नि नारळ हातात घेऊन उभी राहिली. गावकर गोंधळला. शेवटी म्हणाला, आपण कोण ठरवणार, पालखीलाच विचारू. खांदेकऱ्यांनी पालखी उचलली, गाऱ्हाणं झालं, आणि पालखी आईकडे वळली. आई म्हणते, देवी वळली. दादा म्हणतो, पुढचा खांदेकरी तिच्या माहेरचा होता. दोन्ही खरं असेल. तेव्हा मी दगडावर बसून काय म्हणत होतो याच्याशी वेळ जुळवून बघायचा मोह मला झाला, पण माझ्या घड्याळाच्या भरवशावर वेळा जुळवण्यात काही अर्थ नव्हता.

आई आत चुलीपाशी होती. मी तिच्या पायाशी बसलो आणि काय चुकलं, कसं चुकलं ते सांगायला लागलो. समुद्रावर वार कसा हरवतो ते तिला कळलं नाही, आणि सांगताना मलाही कळेनासं झालं. तिने मला मधेच थांबवलं. खांद्यावरचा पदर बाजूला करून दाखवला. पालखीच्या दांड्याचा लालसर वळ उठला होता.

"गडग्यापत्तुर नेली मी," ती म्हणाली, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणापर्यंत. "गडग्यापत्तुर! जड असता रे. तुज्या बापसानं कवा बोलून दाखवला नाय." मग हसली. इतकी वर्षं ती माझी आई आहे, पण असं हसताना मी तिला बघितलं नव्हतं. "बरा झाला तू टायमात नाय आलास. आला असतास तर मी दाराआडच ऱ्हायले असते."

मी दुसऱ्या दिवशी सहाणेवर जाऊन खालाची पुडी देवीच्या ओटीत ठेवली. सहाण म्हणजे शिमग्यात पालखी मुक्कामाला बसते तो चौथरा. तिथे पुष्कळ वेळ बसलो. रिकामी जागा ही कृपा होती की फुटलेला टायर, ते विचारायचं होतं. पण मी आईसाठी जे मागितलं असतं त्याहून मोठं तिला मिळालं होतं, आणि ते मिळायला माझं तिथे नसणंच लागणार होतं. इतके दिवस मला वाटायचं की मी पोचलो तर घराचा मान राहील. मान राखणारी घरातच उभी होती, मला ती दिसली नव्हती. तेव्हा मी काही विचारलं नाही. नमस्कार केला आणि उठलो.

त्यानंतर काम कुठल्याही देशात असो, शिमग्याला मी दोन दिवस आधी घरी असतो. पहिल्या वर्षी मी नवा सदरा घालून अंगणात पुढे उभा राहिलो, तर आई म्हणाली, "मागं हो जरा." मी मागे झालो. पालखी उठली, तिने पायातल्या चपला काढल्या आणि खांदा दिला. गर्दीत त्या कुणाच्या पायाखाली जाऊ नयेत म्हणून मी त्या उचलल्या, आणि आई गडग्यापर्यंत जाऊन परत येईतो हातात धरून उभा राहिलो.