धुराच्या डोंगराचा नारळ

बुऱ्हाणपूरजवळच्या आमच्या निंबोल्यात माय-बाप दुसऱ्यांच्या बागांत केळीचे घड कापायला जात. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो, काही केल्या निघत नाही. आमच्या घरात बिनडागाचं कापड म्हणजे फक्त माझा शाळेचा ड्रेस. तो वाळत घातला की माय राखणीला बसायची. बाप गेल्यावर ती एकटीच कामाला जाऊ लागली. मी बुऱ्हाणपूरला कॉलेजात गेले तेव्हा तिने नवस बोलला: पोरगी कामाला लागली की तिच्या कामाच्या जागी जो देव असेल त्याला नारळ वाहीन.

मी कामाला लागले, तेही कुठे, तर अंदमानात. तिथे समुद्रात एकट्या पडलेल्या बॅरन बेटावर जिवंत ज्वालामुखी आहे. वस्ती नाही, उतरायची परवानगी नाही. सगळं बेट राखीव. परवाना घेऊन आमची बोट लांबून फेरी मारते आणि मी माइकवर प्रवाशांना माहिती देते, नियम सांगते.

मागच्या हिवाळ्यात मायला बोलावलं. रेल्वे, मग जहाज, असं करत ती आली ती लाल फडक्यात नारळ बांधून. बोटीवरचा खलाशी हसला, "अंदमान में नारियल लेके आई, मौसी?"

"तुमचे नारळ तुमच्यापाशी," माय म्हणाली. "हा बोललेला आहे."

डोंगर दिसला. काळा, उघडा, डोक्यावर धूर. मायने चप्पल काढली, कठड्याशी गेली, नारळ कपाळाला लावला. वाहत गेलेला नारळ त्या किनाऱ्याला लागला तर रुजू शकतो, म्हणून तर नियम. पण प्रवासी बघत होते. तिच्या पदरावरचे चिकाचे डागही बघत होते. मी माइकवरूनच म्हणाले, "माताजी, पानी में कुछ नहीं डालना है। नियम सबके लिए है।"

ती वळली. "कोणाला माताजी म्हणते वं?"

नियम बरोबर होता, ते मी आजही ठासून सांगेन. पण माय म्हणायला मला काय झालं होतं?

माइक ठेवून तिच्याजवळ गेले. "माय, इथेच डेकवर फोडू. सगळ्यांना प्रसाद देऊ."

"फोडीन नाही बोलले मी. वाहीन बोलले." तिने फडक्याची गाठ पुन्हा मारली. "जा, तुझं सांग. लोक थांबलेत."

उरलेली माहिती मी कशीबशी सांगितली. धूर नजरेआड होईपर्यंत ती तिकडे तोंड करून बसली होती. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. अजून दर फेरीला तो नियम सांगताना माझी जीभ अडखळते.

नारळ परत बुऱ्हाणपूरला गेला. तापीच्या घाटावर तिने तो सोडला आणि फोन केला, "सोडला वं. पोचेल तुझ्या डोंगराला."

तापी पश्चिमेच्या समुद्राला मिळते. माझा डोंगर पूर्वेच्या समुद्रात आहे. एवढी शिकलेली मी, "पोचेल, माय," म्हणाले.

नवस फिटला, असं ती सगळ्यांना सांगते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी झाले, आणि माझ्या मायने ज्वालामुखी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.