काचेतली जानकी

“ती माझी आई आहे, मावशी.”

“आणि गळा कोणाचा होता रे?”

“हळू बोल. पाहुणे यायला लागतील.”

“येऊ देत. त्यांनाही कळू दे, ऑपरेशनला बाईला भूल दिली की तिच्या गळ्यातलं कोण पळवतं ते.”

“पळवतं काय! नर्सने काढून माझ्या हातात दिलं.”

“मग माझ्या हातात का नाही आलं परत?”

सुबोधने दाराकडे नजर टाकली. अंधेरीतल्या एका कॉलेजने तळमजल्यावर उपनगरातल्या जुन्या घरगुती वस्तूंचं संग्रहालय थाटलं होतं, आज त्याचं उद्घाटन. दोघांच्या मध्ये काचेचं कपाट. आत निळ्या मखमलीवर रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. खाली पाटी : ‘सवतीचा टाक. कै. जानकी सहदेव धुरी यांच्या स्मरणार्थ. भेट : चिरंजीव सुबोध.’

सवतीचा टाक म्हणजे मेलेल्या पहिल्या बायकोची मूर्ती. दुसरीने ती जन्मभर गळ्यात वागवायची. इथे दुसरी म्हणजे वनमाला. तिचं नाव पाटीवर नव्हतं.

वनमाला देवगडकडची. लग्न होऊन जोगेश्वरीच्या चाळीत आली तेव्हा जानकी तापाने जाऊन वर्ष झालं होतं आणि सुबोध दुडूदुडू चालत होता. नवरा सहदेव गिरणीत. सासूने मंगळसूत्राच्याही आधी टाक बांधला. “ही थोरली. हिचा मान पहिला.” तेव्हापासून नवी साडी आधी जानकीला दाखवायची, मग नेसायची. सणाचा घास आधी तिला. सुबोध दहावी पास झाला तर पेढा आधी टाकाला लागला, मग त्याच्या तोंडात. भरवला वनमालानेच, पण हाक ‘मावशी’. सासूने तशीच लावली होती. आई एकच असते म्हणे.

चुकलं एकदाच. दिवस गेले होते. त्या आनंदात बाजारात जाऊन हिरव्या बांगड्या भरून आली, जानकीला न दाखवता. तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. सासू म्हणाली, “जानकीने नेलं.” सहदेव गिरणीत निघून गेला. पुन्हा कधी दिवस राहिले नाहीत.

टाक खिडकीतून भिरकावून द्यावा असं तिला तेव्हा वाटलं होतं. भिरकावला नाही. उलट त्याच्याशी बोलायला लागली. आधी नुसत्या शिव्या. मग भाजी महागली, नळ गेला, नवरा पिऊन आला, असं बाकीचं. चाळीत तिचं ऐकून घेणारं दुसरं होतं कोण? सहदेव वारला तेव्हा मंगळसूत्र उतरलं. जानकी उतरली नाही.

“माझ्याकडे तिचा एक फोटोसुद्धा नाही,” सुबोध म्हणाला. “चेहरा आठवत नाही मला. निदान भिंतीवर कुठे नाव तरी लागलं. तुला काय एवढं? तू तर शिव्या घालायचीस तिला. मी ऐकलंय.”

“घालायचे. माझी सवत आणि माझं तोंड. तुका काय करुचा आसा?”

“तुझ्यामागे डब्यातच पडली असती ना.”

“डब्यात? सरणावर माझ्या गळ्यात ठेवा, सांगितलं होतं दोघांना. तुझी बायको मान हलवत होती. तू मोबाइल बघत होतास.”

इतक्यात संग्रहालयाचं काम बघणारी श्रुतिका कॅमेरा घेऊन धावत आली. “याच का त्या? आजी, बरं झालं भेटलात! हिचे नाक-डोळे इतके झिजलेत कसे, कळतच नव्हतं आम्हाला.”

“घामाने. माझ्या.”

“झकास! म्हणजे खरीखुरी वापरातली वस्तू. पाटीवर घालू या हं ते. ‘वापर : दुसरी पत्नी’.”

“नाव आहे मला.”

“हो हो, पुढच्या वेळी छापू ना. आता पाट्या लागल्यात सगळ्या. तेवढा एक फोटो द्या. गळ्यात घालून उभ्या राहा, मग लगेच परत ठेवते.”

किल्ली फिरली, काच सरकली. श्रुतिकाने पांढरे हातमोजे चढवून टाक उचलला. वनमालाने मान पुढे केली. काळा गोफ गळ्यात पडला तसा तिने टाक पदराआड सारला, नेहमीच्या जागी.

“बाहेर काढा ना आजी, दिसत नाहीये.”

“मावशी, जरा हस. पाहुणे आलेच.”

वनमाला वळली. दाराशी ओवाळणीची तबकं घेऊन मुली उभ्या होत्या. ती त्यांच्यामधून चालू लागली.

“मावशी! कुठे चाललीस?”

मुलींनी वाट दिली. एकीला वाटलं, हीच प्रमुख पाहुणी; तिने अर्धवट नमस्कारही केला.

“मावशी, नाटकं नको करू. सगळे बघतायत!”

ती बाहेरच्या पायऱ्या उतरत होती.

“आई!”

जन्मात पहिल्यांदा. रिक्षा थांबवायच्या आवाजात.

वनमालाने पदर सारखा केला आणि फाटकाबाहेर पडली.