रामदासला मला बेरोजगार लिहिता आलं नाही

"मॅडम, मला बेरोजगार लिहा," रामदास म्हणाला. टॅबवरचं माझं बोट अडलं.

साखरशेत गावच्या त्या घरात मी रोजगाराच्या सर्वेक्षणासाठी गेले होते. वीस वर्षं हेच करतेय. घरोघरी जायचं, कोण काय काम करतं ते विचारायचं आणि प्रत्येकाला एक कोड द्यायचा. एक, काम आहे. दोन, काम नाही पण शोधतोय. तीन, काम नाही आणि शोधतही नाही. याला आम्ही 'श्रमशक्तीच्या बाहेर' म्हणतो. बेरोजगार फक्त मधला. नुसतं रिकामं असून भागत नाही, त्यालाही पात्रता लागते.

रामदास बत्तीस वर्षांचा. डी.एड., टीईटी पास. जव्हारजवळच्या एका शाळेत तासिकेवर शिकवायचा, दोन वर्षांपूर्वी तेही बंद झालं. सर्टिफिकेटांची प्लास्टिकची फाइल दाराजवळच्या खुंटीला होती. बोलावणं आलं की उचलून निघता यावं म्हणून.

"गेल्या सात दिवसांत एखादा तास तरी काम केलंत?"

"नाय."

चुलीपाशी त्याची आई होती. ती तिथूनच म्हणाली, "काय करतो! शिकून घरात बसलाय. परवा शेजाऱ्यांच्या भातलावणीला गेला, तेवढाच."

"मजुरी मिळाली?"

"मजुरी कसली, बाई? आज आपण त्यांच्यात, उद्या ते आपल्यात."

तिथंच घोडं पेंड खात होतं. आमच्या नियमात आठवड्यातला एक तासही काम धरतात, आणि अशी अदलाबदलीची लावणीसुद्धा. मी ते समजावून सांगितलं.

"म्हणजे मी कामाला हाय?"

"नियमाने, हो."

तो आईकडे न बघता हळूच म्हणाला, "मॅडम, आई मला आळशी समजते. गावही तेच बोलतं. तुम्ही बेरोजगार लिहिलंत तर तिला दाखवता येईल. मी बसलेलो नाय, शोधतोय, हे सरकारच सांगेल ना."

मला ते पटलं. अंगणाच्या टोकाला जाऊन रेंज पकडली आणि ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला.

"अहो मॅडम, एक तास म्हणजे एक तास," साहेब म्हणाले. "वीस वर्षांनी हे मी तुम्हाला सांगायचं?"

मी 'काम आहे' असा कोड टाकला. शेवटचा प्रश्न उरला होता: आयुष्याबद्दल शून्य ते दहामध्ये किती समाधानी?

"तीन," रामदास म्हणाला. "सोमवारी मोखाड्याला मुलाखत हाय म्हणून तीन. नायतर दोन."

आमच्या कामात त्याच घरी पुन्हा जावं लागतं. चार महिन्यांनी गेले तेव्हा भात घरात आलं होतं. खुंटी रिकामी होती.

"मुलाखतीचं काय झालं?"

"त्यांचा माणूस आधीच ठरलेला."

"गेल्या सात दिवसांत काम?"

"नाय. एक तासपण नाय."

सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. या वेळी त्याचा हक्काचा कोड देता येणार होता.

"शोधलंत?"

"नाय."

"पण मिळालं तर कराल ना?" असं सुचवून विचारायची आम्हाला मनाई आहे. तरी मी विचारलं.

"नको, मॅडम. आता वाट नाय बघत."

श्रमशक्तीच्या बाहेर. याशिवाय कुठलाच कोड बसत नव्हता.

"आणि समाधान?"

"आठ लिहा."

"आठ?"

"सकाळी उठून, आज काय फोन येतो का, ते नाय ऱ्हायलं. बरं वाटतं."

तो अगदी शांतपणे बोलत होता. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षांत कुणाच्या घरात मी रडले नव्हते.

त्याची आई बांधापर्यंत माझ्या मागे आली. तिनं माझा हात धरला. "बाई, त्याला बेरोजगारच लिवा ना. आधी निदान शोधायला तरी जायचा. मीच त्याला आळशी म्हणायची. आता फाइल माळ्यावर टाकलीय, बोलतपण नाय."

"मावशी, आता नाही हो लिहिता येत," मी म्हणाले. हात सोडवून घेताना जिवावर आलं.

ऑफिसात साहेबांनी दोन्ही भेटींचे आकडे शेजारी ठेवले. "तिनाचे आठ! बघा, सुधारणा आहे."

नवीन लोकांच्या ट्रेनिंगला हल्ली मला बोलावतात. मी एवढंच सांगते की बेरोजगारांचा आकडा दोन तऱ्हांनी खाली राहतो. एक तऱ्हा म्हणजे माणसाला काम मिळतं. दुसरी मी साखरशेतला पाहिली.