लाकडाचा आहेर

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, वर्धा जिल्ह्यात कापसाचा आजवरचा सर्वांत मोठा अपमान बोंडअळीने केलेला नाही, व्यापाऱ्याने केलेला नाही आणि अवकाळी पावसानेही केलेला नाही. तो मी केला. भर मांडवात, लग्नातला शालू नेसून, केसांत गजरा माळून केला. पश्चात्ताप झालेला नाही आणि होण्याची चिन्हेही दिसत नाहीत.

ज्यांचा कापूस हरला ते माझे नंदोई, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोठ्या बहिणीचे यजमान. राहणार वडनेर. घरचा कापूस, शिवाय कापसाची खरेदी-विक्री, आणि बोलायला लागले की तोंडातूनही कापूसच. बिडी-सिगारेटचे व्यसन नाही, तरी बंडीच्या खिशात कायम आगपेटी. ती कापडासाठी. कुणी कुणाला कापडाचा आहेर केला, की नंदोई पुढे सरकायचे, कोपऱ्यातला एक धागा नखाने अलगद ओढायचे आणि काडी लावायचे. धागा कागदासारखा जळून मऊ राख पडली, की ती राख बोटांवर चोळून न्यायाधीशासारखी मान हलवायचे. धागा वितळून त्याचा काळा मणी झाला, की निकाल विरुद्ध. आमच्या नात्यागोत्यात या परीक्षेला फार मान होता. कापसाच्या मुलखात राहून कापूस ओळखता येत नाही, असे कुणालाही म्हणवून घ्यायचे नव्हते, म्हणून सगळे आपले कापड मुकाट्याने त्यांच्यापुढे धरायचे.

माझे लग्न नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला झाले. माहेर रोहण्याचे. आईवडिलांचा भाजीपाल्याचा मळा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळे आर्वीच्या बाजारात जायचे. नवरदेवाकडच्या जावयाला मानाचा आहेर द्यावा लागतो, म्हणून आईने स्वतः दुकानात जाऊन नंदोईंसाठी शर्टपीस निवडला. फिकट निळा, बारीक रेघांचा. दुकानदाराने "शंभर टक्के कॉटन आहे बाई" म्हटले आणि आईने विश्वास ठेवला. वांगी विकताना ती कधी खोटे बोलत नसे, त्यामुळे दुसराही बोलत नसेल असे तिला वाटायचे.

पंगतीच्या आधी आहेर झाले. नंदोईंनी काडी ओढली. धागा आक्रसला, वितळला आणि त्याचा टपोरा काळा मणी झाला. त्यांनी तो मणी चिमटीत धरून सगळ्या मांडवाला दाखवला.

"मावशी," ते आईला म्हणाले, "हे टेरिकॉट आणलं तुमी. हा शर्ट घालून चुलीजोळ बसलो तं माही मेणबत्ती होईन ना."

मांडव हसला. माझे सासरे हसले, आचारी हसला, आमच्याच गावची माणसेही तोंडावर उपरणे धरून हसली. मी बोहल्यावर बसलेली नवरी, मला हसताही येईना आणि उठताही येईना. आईने पदर सावरला, "बरं," एवढेच म्हणाली, आणि त्या दिवशी ती पंगतीला बसली नाही. पोट दुखते म्हणाली. पुढे त्या घरातल्या कोणत्याही कार्यात तिचे पोट दुखायचे. बारसे असो, मुंज असो, वास्तुपूजन असो, ती यायची, आशीर्वाद द्यायची, पाण्याचा पेला घ्यायची आणि रोहण्याची एसटी पकडायची. आग्रह केला तर म्हणायची, "तिथं मले घास नाई उतरत बाई." रागाने म्हणाली असती तर मी कदाचित विसरलेही असते. ती अगदी साध्या आवाजात म्हणायची.

मी ठरवले होते की, या माणसाच्या तोंडून, त्याच्याच मांडवात, त्याच्याच काडीने माझ्या आईच्या आहेराला शाबासकी मिळवायची आणि मग त्या शाबासकीचा मणी करायचा. कसे, ते ठाऊक नव्हते. माझ्याकडे सूड तयार होता, फक्त कापड मिळत नव्हते.

ते मिळाले आमच्याच दुकानात. सासरचे कापडाचे दुकान वर्ध्याला, घर नालवाडीला. मुले शाळेत जायला लागल्यावर मीही गादीवर बसू लागले. दोन हजार सालानंतरची गोष्ट. नागपूरहून एक एजंट नमुने घेऊन यायचा. एक दिवस त्याने शर्टाचे असे कापड पुढे टाकले की हात लावल्यावर पाण्यात बोटे बुडवल्यासारखे वाटले.

"लांब धाग्याचा कापूस?" मी विचारले.

"नाही भाभी. लाकूड."

मी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि समजावून सांगितले. निलगिरीसारख्या झाडांच्या लाकडाचा लगदा करतात, तो औषधात विरघळवून काकवीसारखा घट्ट करतात, आणि बारीक छिद्रांतून दाबून काढतात. सोऱ्यातून शेव पडते तसे धागे पडतात. कापसाला जमीन लागते, पाणी लागते, फवारणी लागते. ही झाडे माळावरही येतात आणि काही तर तोडली की बुडातून पुन्हा फुटतात. "पुढे असंच कापड चालणार," तो म्हणाला. मी म्हटले, आणि ते औषध कुठे जाते? तो जरा चाचरला. जुन्या कारखान्यांत वास फार, घाणही फार, असे त्यानेच कबूल केले. नव्या पद्धतीत औषध गाळून पुन्हा वापरतात म्हणे, आणि हे कापड त्यातलेच. माझ्या वडिलांना पाठीवर पंप बांधून फवारताना आणि मग दिवसभर डोके धरून बसताना मी पाहिले होते. त्यामुळे फवारणीशिवायचे कापड मला वाईट वाटेना. पण खरे सांगते, त्या क्षणी मला पृथ्वीची काळजी नव्हती. मी गल्ल्यावरची, उदबत्तीसाठी ठेवलेली आगपेटी उचलली.

धागा कागदासारखा जळला. मऊ, करडी राख. मणी नाही.

"काडीला नाही कळत भाभी," एजंट म्हणाला. "काडीला एवढंच कळतं की माल झाडाचा आहे की जमिनीतल्या तेलाचा. कापूस झाडाचा, लाकूडही झाडाचं. ओळखायचं तर धागा ओला करून ताणा. ओला कापूस घट्ट होतो, हा ओला झाला की पटकन तुटतो."

मला त्या माणसाच्या पाया पडावेसे वाटले. त्याऐवजी मी त्याला दुसरा चहा पाजला आणि फिकट निळ्या, बारीक रेघांच्या थानातून एक शर्टपीस कापून घेतला.

मग वाट पाहिली. लोणच्यासारखा मुरवला मी तो शर्टपीस. शेवटी नंदोईंच्या मुलीचे लग्न ठरले, वडनेरला, दारापुढच्या मांडवात. आम्ही नवरीचे मामा-मामी. आईला आमंत्रण गेले. ती येणार होती, पण आहेर करणार नव्हती.

"एकच कापड द्यायचं," मी म्हटले. "मी दुकानातून आणलं आहे."

"पुन्हा जाळीन तो."

"जाळू दे."

"काऊन माह्या मागं लागली तू?" आई म्हणाली. पण पिशवी घेतली. का ते मी सांगितले नाही. आईला चेहरा लपवता येत नाही. नवऱ्याने मात्र गाडीत माझ्याकडे पाहून विचारले, "तू काई करून राह्यली का?" मी खिडकीबाहेरची कापसाची पऱ्हाटी पाहत बसले.

मांडवात पाने मांडलेली, वरणाचा वास सुटलेला. आईने आहेर पुढे केला. नंदोईंनी निळ्या रेघा पाहिल्या, त्यांना जुनी गंमत आठवली आणि ते मोठ्याने म्हणाले, "या, या, पाह्यजा सगळे. मावशीनं पुन्हा मेणबत्ती आणली."

काडी ओढली. धागा जळला. त्यांनी राख चोळली, पुन्हा चोळली, कापड गालाला लावले.

"अस्सल," ते म्हणाले. "अस्सल कापूस. असा धागा हिंगणघाटच्या बाजारातही नाई दिसत आता. पोरगी कापडवाल्याच्या घरी गेली तं मायलेही कापूस समजू लागला."

आईच्या खांद्यांवरून काहीतरी उतरले. ती हसली, अगदी थोडेसे. मी तिथेच थांबले असते तर तिचा मान तिला परत मिळालाच होता. पण शेवटचे वाक्य ऐकले ना तुम्ही? मानसुद्धा टोमण्यात गुंडाळून देत होता तो माणूस.

"भाऊजी," मी म्हटले, "ते लाकूड आहे."

"कोणतं लाकूड?"

"तुमच्या हातातलं. निलगिरीचं असेल. कापसाचा त्यात एक तंतूही नाही."

ते हसले. मी पेल्यातले पाणी घेतले, शर्टपीसमधला एक धागा ओढून भिजवला आणि दोन बोटांत ताणला. तुटला. मग त्यांच्याच धोतराच्या टोकाचा एक धागा मागितला, भिजवला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी ताणला. तुटेना. दातओठ खाल्ले तरी तुटेना. मग लाकडाचा ओला धागा दिला, तो नुसता धरल्यासारखा केला आणि गेला.

नंदोईंनी दुसरी काडी ओढली, मग तिसरी. प्रत्येक वेळी मऊ राख. ते काड्या ओढत राहिले आणि राख त्यांच्याविरुद्ध साक्ष देत राहिली. नणंद म्हणाली, "अहो, मांडव जाळता का आता?" आणि तिथून हसू फुटले. वडनेरची माणसे हसली, वऱ्हाडी हसले, नवरदेव हसला. मी एकेकाचे दात मोजून घेतल्यासारखे ते हसू मनात साठवून घेतले.

आणि मग मी आईकडे पाहिले. तिचे हसू गेले होते. तिचा आहेर दुसऱ्यांदा खोटा ठरला, असेच तिला वाटले असणार. ती नंदोईंच्या हातातल्या कापडाकडे पाहत उभी होती. मला वाटले, आता पदर सावरणार, पोट दुखते म्हणणार आणि एसटी विचारणार.

आईने पदर सावरलाच. मग ती सरळ पंगतीकडे गेली, पहिल्या पानावर मांडी घालून बसली, पानावर पाणी शिंपडले आणि अजून काडी हातात धरून उभ्या असलेल्या नंदोईंना, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जावाईबापू, तुमाले लाकूड चालते हे माहीत असतं तं रोहण्याहून मोळीच बांधून आणली असती ना मी. वाढा आता, भूक लागली."