पंगतीत बसलेली धाकली

आमच्या कॉलनीत कुणी नवीन कुत्रं आणलं की मला विचारतात, लहान कुत्र्याला मोठ्या कुत्र्यांच्या मैदानात मोकळं सोडायचं का? मी सरळ सांगते, नाही सोडायचं. मधे जाळी असेल तर खुशाल सोडा, नसेल तर दोरी हातात ठेवा. समोरचा मग हमखास म्हणतो, "पण वहिनी, त्यांचा तो मोठा कुत्रा फार शांत आहे हो." असेल ना. मी कुठं म्हणते तो गुंड आहे? पण त्याचा एक पंजा आमच्या कुत्रीच्या अख्ख्या पाठीएवढा आहे. प्रेमानं ठेवला तरी पंजा तो पंजाच.

जळगावात आमच्या कॉलनीच्या मधोमध ओपन स्पेसची जागा आहे. चारी बाजूंनी कंपाउंड, लोखंडी फाटक, कडेला कडुनिंब आणि सिमेंटचे बाक. सकाळी कुत्रेवाले फाटक लावून आपापली कुत्री सोडतात, उन्हं चढली की क्रिकेटवाली पोरं ताबा घेतात. पुण्याहून आलेल्या एका सुनेनं त्याला 'डॉग पार्क' म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

आमची कुत्री पॉमेरेनियन. वजन केळीच्या दोन फण्यांएवढं, आवाज मात्र ट्रॅक्टरचा. ती आली माझ्या वडिलांमुळे. आई गेल्यावर आबांना मी अमळनेरजवळच्या गावाहून इकडे आणलं. भाऊ सुरतेला एका खोलीत संसार करतो, तिथं ते कुठं राहणार? पण आमच्याकडच्या जुन्या माणसाला लेकीच्या घरचं पाणीसुद्धा जड जातं. आबा खुर्चीच्या कडेवर पाहुण्यासारखे बसायचे. वाढलं तेवढंच खायचे, दुसऱ्यांदा मागायचे नाहीत, आणि दिवस दिवस बोलायचे नाहीत. हा माणूस असाच बसल्या बसल्या संपेल, अशी मला धास्ती लागून राहिली होती.

मग माझ्या मुलीनं हे पिल्लू आणलं. आबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हाई कुत्रं शे का कापूसनं बोंड?" आणि कितीतरी महिन्यांनी हसले. पिल्लाला ते धाकली म्हणायला लागले. सकाळी टोपी घालून, धाकलीला घेऊन मैदानात जायचं, बाकावरच्या माणसांशी कापसाच्या भावावर वाद घालायचा, घरी येऊन सगळं मला सांगायचं. माझा बाप त्या कुत्रीमुळे परत बोलायला लागला होता. तिचं काही बरंवाईट झालं असतं तर नुसतं कुत्रं गेलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी भांडायचे. आबा तिला फाटकातून आत गेल्या गेल्या मोकळी सोडायचे. मैदानात लॅब्राडोर होते, एक जर्मन शेफर्ड होता. तो शेफर्ड बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या शेजाऱ्यांचा. धाकली स्वतःला वाघीण समजायची. त्याच्या नाकासमोर जाऊन भुंकायची आणि तो उठला की किंचाळत पळायची. तो मागे लागायचा. बाकावरची मंडळी म्हणायची, "खेळतायत." मी म्हणायचे, एक पळतंय, दुसरं पाठलाग करतंय, आणि पळणाऱ्याची शेपूट पोटाखाली गेलीय, याला तुमच्याकडे खेळ म्हणतात का? पण आपला तो बाब्या. जो तो म्हणणार, आमचा काही करत नाही.

मैदानाच्या एका बाजूला जाळी लावून लहान कुत्र्यांसाठी वेगळी जागा करा, असं मी कॉलनीच्या मीटिंगमध्ये सांगितलं. एकजण म्हणाले, "वहिनी, कुत्र्यांचाही लेडीज डबा काढता का?" सगळे हसले. हसू देत. हसतील त्यांचे दात दिसतील. मला राग आला तो आबा त्यांच्यात बसून हसले त्याचा. घरी आल्यावर म्हणाले, "कुत्रास्नी पंचायत कुत्रास्ले करू दे ना. खळामा बठ्ठा सोबतच ऱ्हातस." अहो, खळ्यातली सगळी कुत्री एकत्र वाढलेली असतात, पळायला अख्खं शिवार मोकळं असतं. इथं चार भिंती आणि बंद फाटक. हे मी सांगितलं. त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली, म्हणजे विषय संपला.

मग चंपाषष्ठी आली. आमच्या बऱ्याच घरांत कुलदैवत खंडोबा. त्या दिवशी वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे करतात, तळी उचलतात, आणि माणसांनी जेवायच्या आधी कुत्र्याला नैवेद्य देतात, कारण कुत्रा देवाचा. दरवर्षी ज्याचं तो आपापल्या दारात द्यायचा. त्या वर्षी महिला मंडळातल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं की सकाळी सगळी कुत्री मैदानात असतातच, तर नैवेद्य तिथंच देऊ. कल्पना सगळ्यांना आवडली. आबांना तर फारच. त्यांनी पुढाकार घेतला आणि सांगितलं, नीट पानं मांडू, देवाच्या कुत्र्यांची पंगत बसवू.

मी म्हटलं, "आबा, मोकळ्या कुत्र्यांत अन्न ठेवू नका. तिथं भावकी राहत नाही." एक काकू म्हणाल्या, "आजच्या दिवशी तरी अभद्र बोलू नको गं." देवाचं नाव आलं की आमच्याकडे अक्कल चप्पल काढून बाहेर उभी राहते. मी पाण्याची कळशी उचलली आणि आबांच्या मागे गेले.

दिसायला फार सुंदर होतं, ते मी नाकारत नाही. थंडी होती, कोवळं ऊन होतं, केळीची पानं एका रांगेत, प्रत्येक पानावर रोडगा आणि वर कांद्याची पात घातलेलं भरीत. प्रत्येकानं आपलं कुत्रं पानासमोर आणलं, लग्नात पाहुण्यांना बसवावं तसं. लहानमोठा भेद नको म्हणून धाकलीचं पान मधोमध, शेफर्डच्या शेजारी. मग 'येळकोट येळकोट' झालं, भंडारा उधळला गेला, आणि भंडारा उधळायला दोन्ही हात लागतात म्हणून सगळ्यांनी दोऱ्या सोडल्या.

शेफर्डनं आपलं पान एका घासात चाटून साफ केलं आणि तोंड शेजारच्या पानाकडे वळवलं. धाकली आपल्या रोडग्यावर पाय देऊन गुरगुरली. पंगतीत शेजारच्यानं ताटात हात घातला तर माणूस सहन करत नाही, तिनं का करावं? त्यानं तिला मानेला धरलं आणि झटकलं. तिचा आवाज एकदाच आला. आबा दोन्ही हात घालायला वाकले, मी त्यांना खांद्यानं ढकललं आणि अख्खी कळशी त्या कुत्र्याच्या तोंडावर मारली. तो दचकला, ती सुटली. हळदीनं पिवळी झालेली धाकली माझ्या ओच्यात लाल होत गेली.

जनावरांच्या डॉक्टरांनी टाके घातले. काय खाल्लं होतं विचारलं. भरीत म्हटल्यावर माझ्यावरच डाफरले, कांदा-लसूण कुत्र्याला विष असतं, एवढं माहीत नाही का? आबा बाहेर पायरीवर बसून होते, टोपी हातात. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

धाकली वाचली. मानेवरचे केस भादरलेले, टाके काळे, पण दूध पिऊ लागली. आबा मात्र परत मिटले. मैदानाकडे जाणं बंद, बोलणं बंद. शेवटी एका दुपारी म्हणाले, "मी आते गावले जास. तुना घरमा मन्हामुळे असं व्हयनं." मला इतका संताप आला की भांडं आपटलं. गावात बंद घर, चूल पेटवायला कुणी नाही, आणि हा माणूस एका चुकीपायी तिथं जाऊन मरायला निघालाय. मी म्हटलं, "गावात काय करणार, भिंतीशी बोलणार?" त्यांनी पिशवी भरून दाराशी ठेवली.

शेफर्डवाले शेजारी आले, मान खाली घालून. कुत्रा शेतावर कुणाला तरी देऊन टाकतो म्हणाले. मी म्हटलं, "भाऊ, कुत्र्यानं कुत्र्यासारखंच केलं. माणसं चुकली. त्याला कुठं पाठवू नका, जाळी लावा." त्यांनीच पुढे होऊन जाळी लावून घेतली, लहान कुत्र्यांना वेगळं फाटकही केलं. वरातीमागून घोडं, पण आलं तर खरं. अन्न आत न्यायचं नाही, हेही ठरलं. लेडीज डबा म्हणणाऱ्यांनीच खांब रोवायला हात दिला. मी चहा पाठवला, टोमणा मारला नाही. म्हणजे एकच मारला.

आबा जायचे त्या दिवशी सकाळी मी धाकलीला त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "जायचं तर जा. पण आधी हिला एकदा मैदानात न्या. माझ्याबरोबर ती फाटकातून आत पाय टाकत नाही." हे खरंच होतं. माझ्याबरोबर ती फाटकाशीच थरथरत बसायची. आबांनी टोपी घातली.

मी थोड्या वेळानं मागे गेले. आबा लहान कुत्र्यांच्या बाजूला जमिनीवरच बसले होते, बाकावर नाही. धाकली त्यांच्या मांडीवर, नाक बाहेर काढून. इतक्यात कॉलनीत नव्यानं राहायला आलेली एक मुलगी पग घेऊन आली आणि मोठ्या फाटकाची कडी काढायला लागली. तिथं शेफर्ड मोकळा होता. आबा गडबडीनं उठले, कुत्री काखेत, आणि शेतावरून हाक मारावी तशा आवाजात ओरडले, "बेटा, तठे नको. आठे ये. आठे लहानलास्नी जागा शे." ती आली. तिनं विचारलं, आजोबा, इथं लक्ष द्यायला कुणी असतं का?

"मी ऱ्हास ना," आबा म्हणाले. "रोज ऱ्हास."

रोज राहतो म्हणाल्यावर मी तिथूनच माघारी फिरले. घरी येऊन पिशवी उघडली, धोतरं झटकली आणि परत कपाटात लावली. त्यांना विचारायची काही गरज नव्हती.